पात्राच्याच तोंडून बोललं पाहिजे का?

नमस्कार ताई,

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. चार खेळाडू आणि खेळ चालवणारा, गोष्ट सांगणारा जीएम (गेम मास्टर) मी. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं वठवून, फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनमध्ये (बैठकांत) चालणारी एकच गोष्ट, सुरू होऊन बरेच महिने झाले. गोष्ट रंगायला लागली तसं मला टेबलावरचं इकडचं तिकडचं बोलणं खुपायला लागलं. राजाचा दूत मरता मरता काहीतरी सांगतोय आणि नेमका तेव्हाच कुणीतरी ऑफिसमधला किस्सा काढतो, असं सारखं व्हायचं. म्हणून मी नियम केला : सेशन सुरू झालं की जे बोलाल ते तुमचं पात्रच बोललं असं धरणार. सुरुवातीला मजा आली. विझार्ड (जादूगार) खेळणारा मित्र दरबारात सेनापतीच्या नाकावरून काहीतरी बोलून गेला. ते सेनापतीने ऐकलं असं मी ठरवलं आणि अख्ख्या पार्टीला, म्हणजे चारही पात्रांना, कोठडीत टाकलं.

पण आता टेबल गार पडलंय. क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण) खेळणारी मैत्रीण आधी 'माझी क्लेरिक त्याला विचारते की...' असं बोलायची. मी तिला दर वेळी थांबवून 'तिच्या तोंडून बोल' म्हणायचो. आता लढाई सोडली तर ती बोलतच नाही. उलट 'रोग' (Rogue) म्हणजे चोराचा क्लास घेतलेला मित्र इतका भूमिकेत शिरतो की त्याचा काजळ्या नावाचा चोर आपल्याच पार्टीचं सामान चोरतो. गेल्या सेशनला त्याने क्लेरिकच्या गुरूची आठवण असलेलं पदक चोरून विकलं. ती चिडली तर म्हणतो, 'मी नाही, काजळ्याने केलं. केऑटिक न्यूट्रल (मनमौजी, ना चांगला ना वाईट) आहे तो. माझं पात्र असंच वागणार.' माझ्याच नियमाने त्याचं बरोबर ठरतं, त्यामुळे मी गप्प बसलो. आणि फायटर (योद्धा) खेळणारा तर ट्रोल हा राक्षस दिसला रे दिसला की मशाल पेटवतो, कारण ट्रोलवर आग चालते हे मॉन्स्टरांच्या पुस्तकातलं त्याला पाठ आहे.

नियम आणखी कडक करू की सोडून देऊ? आणि लोकांना भूमिकेत ठेवायचं तरी कसं?

– एक जीएम

नमस्कार,

नियम कडक करू नका. मागेच घ्या, आणि पुढच्या सेशनला खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर तसं सांगून टाका. 'हा नियम मी आणला, त्याने आपलं टेबल गार पडलं, आजपासून तो नाही.' एवढं पुरे. त्यावर लांबण लावू नका.

तुमची इच्छा मात्र चुकीची नव्हती. मरणाऱ्या दूताचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकावं असं ज्या जीएमला वाटत नाही, त्याच्या टेबलावर बसायला मला आवडणार नाही. तुम्ही त्या दूतावर विचार केलेला असतो. त्याने काय सांगायचं आणि काय मनातच ठेवून मरायचं, हे आदल्या रात्री ठरवलेलं असतं. त्यावर कुणाच्या बॉसचा किस्सा येऊन आदळला की लागतं. तुम्हाला हवं होतं ते लक्ष, आणि नियमाने तुम्ही पहारा बसवला तो आवाजावर. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका गल्लतीतून आल्या आहेत.

गॅरी अ‍ॅलन फाइन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा टेबलांवर स्वतः खेळायला बसून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याचं एक निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं : टेबलावर बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो. तो माणूस असतो, दिवसभराचं काम उरकून आलेला, भूक लागलेला. तो खेळाडू असतो, ज्याला आपले किती हिट पॉइंट (जीव) उरलेत आणि कुठला स्पेल (मंत्र) वापरून झालाय हे माहीत असतं. आणि तो पात्र असतो, ज्याला यातलं काहीच माहीत नसतं, फक्त समोरचा अंधार दिसत असतो. खुर्ची एक आणि तिच्यात बसलेले तिघे. ते सतत एकमेकांना बाजूला सारून बोलतात, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. हा खेळ चालतोच तसा.

तुमच्या नियमाने यातल्या दोघांची तोंडं बंद केली. आता लढाईचा एक राउंड डोळ्यांसमोर आणा. पाचव्या आवृत्तीत एक राउंड म्हणजे खेळातले साधारण सहा सेकंद. तुमच्या टेबलावर तो खेळायला दहा मिनिटं सहज जात असतील. 'तो दाराच्या आड आहे का?', 'मला तिथपर्यंत पोचता येईल का?', 'थांब, तू आधी मार, मग मी बरं करते', 'वीस पडले!' हे सगळं पात्र बोलतं म्हणायचं का? सहा सेकंदांत? अर्थातच तुम्हीही तसं धरलं नसणार. म्हणजे कुठलं वाक्य पकडायचं आणि कुठलं सोडायचं हे प्रत्यक्षात तुम्ही त्या त्या वेळी ठरवत होता, आणि टेबलाने त्यातून धडा घेतला तो एवढाच की बोललो तर पकडले जाऊ. सेनापतीच्या नाकावर पहिल्यांदा सगळे हसले असतील. पण त्या दिवसापासून विझार्डवाला तोंड उघडण्याआधी विचार करू लागला. बोलण्याआधी असा तोलून मापून विचार करणारी माणसं भूमिकेत शिरत नाहीत. ती सावध होतात.

आता क्लेरिकवाल्या मैत्रिणीबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ती आहे.

'माझी क्लेरिक त्याला विचारते की' हे बोलणं कमी दर्जाचं आहे, असं कुणी ठरवलं? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या काळात तर पुष्कळ टेबलांवर 'कॉलर' नावाची पद्धत होती. सगळे आपापसांत ठरवायचे आणि एकच खेळाडू अख्ख्या पार्टीच्या वतीने जीएमला सांगायचा, आम्ही डावीकडे वळतो, पुढे फायटर, मागे क्लेरिक. आवाज काढून बोलणं हा खेळाचा पाया कधीच नव्हता. तो नंतर बहरलेला एक भाग आहे आणि सुंदर भाग आहे. तुम्ही खेळता त्याच आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक, २०१४ सालचं, काढून बघा. पात्र वठवण्याच्या दोन रीती त्यात दिल्या आहेत : पात्र काय करतं, काय म्हणतं याचं वर्णन करायचं, किंवा थेट त्याच्या तोंडून बोलायचं. दोन्ही चालतात, दोन्हींची सरमिसळही चालते. तुमची मैत्रीण आधीपासूनच पुस्तकाप्रमाणे खेळत होती.

फरक कुठे पडतो ते एका प्रसंगात दाखवते. समजा, पार्टी नदीकाठी आली आहे. तिथल्या नावाड्याने काल रात्री कुणालातरी पलीकडे पोचवलंय आणि ते कोण, हे तुम्हाला हवंय. एक खेळाडू खर्ज लावून, हात पुढे करून म्हणतो, 'सांग नावाड्या! कोणाला नेलंस तू पलीकडे?' दुसरी साध्या आवाजात म्हणते, 'माझी क्लेरिक लगेच काही विचारत नाही. त्याचा हात वल्ह्याने सोललेला दिसतोय ना, ती आधी तो हात बघायला मागते. मग बोलता बोलता विचारते, की काल रात्री इतकं जोरात का वल्हवावं लागलं.'

भूमिकेत कोण आहे? पहिल्याने आवाज बदलला, पण प्रश्न खेळाडूचाच राहिला. तोच प्रश्न फायटरने, विझार्डने, कुणीही विचारला असता. दुसरीने एक निवड केली, आणि ती निवड तिच्या क्लेरिकखेरीज कुणी केलीच नसती. मी नवीन टेबलावर बसले की हेच बघते. पात्राला काहीतरी गमवायची वेळ येते तेव्हा तो माणूस काय निवडतो? खजिना आणि वचन यांतलं एकच हाती लागणार असतं तेव्हा? भूमिका तिथे दिसते. लकब, खोकला, गावंढळ हेल हे सगळं त्यावरचं नक्षीकाम. असलं तर छान, नसलं तरी काही अडत नाही.

म्हणून तिला एकटीला गाठून बोला. 'तू का बोलत नाहीस' असं विचारू नका, त्याने ती पुन्हा कोंडीत सापडेल. 'तू बोलायचीस तेच बरोबर होतं, मी उगाच थांबवत होतो, तसंच बोल' असं सांगा. आणि टेबलावर तुमच्या बाजूने एक गोष्ट बदला. ती तृतीयपुरुषी बोलली तरी तुम्ही उत्तर तिच्या पात्राला द्या. 'नावाडी हात मागे घेतो. मग तुझ्या क्लेरिककडे नीट बघतो आणि विचारतो, "तुम्ही वैद्य का? माझ्या पोराला बघाल?"' एवढं म्हणून थांबा. खरंच थांबा. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळात जीएमला दिलेल्या तत्त्वांपैकी एक हेच आहे, की बोलणं खेळाडूंना उद्देशून नको, पात्रांना उद्देशून हवं. समोरून माणूस बोलायला लागला की पुष्कळ जणांच्या तोंडून आपोआप 'हो, बघते की' निघून जातं. नाही निघालं आणि ती 'क्लेरिक हो म्हणते' म्हणाली, तरी प्रसंग तितकाच चालला.

त्या थांबण्यात एक अडचण येईल. शांतता पडली की बोलका खेळाडू ती भरून काढतो. तो वाईट नसतो, त्याला ती शांतता सहन होत नाही एवढंच. तेव्हा हात वर करून 'एक मिनिट, नावाडी तिच्याकडे बघतोय' असं म्हणायला शिका. टेबलावरच्या शिष्टाचारातलं निम्मं काम याच एका वाक्याने होतं, आणि ते जीएमशिवाय दुसरं कुणी नीट करू शकत नाही.

आता काजळ्या.

'माझं पात्र असंच वागणार' हे वाक्य टेबलावर आलं की शांतपणे एक गोष्ट लक्षात आणून द्या : काजळ्याला काजळ्या कुणी केला? तुमच्या मित्रानेच. पात्राला स्वतःची इच्छा नसते. दर क्षणी खेळाडूसमोर चार-पाच वाटा असतात आणि त्या सगळ्या त्या पात्राला शोभतील अशा असतात. काजळ्या सावकाराची तिजोरी फोडू शकला असता. पदकावर हात ठेवून, गुरूचं नाव कोरलेलं बघून, ते पुन्हा जागेवर ठेवू शकला असता, आणि तेव्हा तो मला जास्त खरा वाटला असता. पदक चोरून, गिऱ्हाईक हेरून, शेवटच्या क्षणी न विकता खिशात परत घेऊन येऊ शकला असता. हे सगळेच काजळ्या आहेत. त्यातून मैत्रिणीची संध्याकाळ खराब करणारी वाट निवडली ती खेळाडूने. अलाइनमेंट, म्हणजे केऑटिक न्यूट्रलसारखा नैतिक कल, हे पात्राचं वर्णन आहे. केऑटिक न्यूट्रल असं पात्राच्या शीटवर लिहिल्याने कुणाचा हात कुणाच्या थैलीत आपोआप जात नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी अशा भांडणात कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना आतून टोचत असते. विचार करा, खरोखर असा साथीदार असता तर क्लेरिक, फायटर आणि विझार्ड यांनी काय केलं असतं? पहिल्या चोरीलाच रात्री शेकोटीपाशी त्याला सोडून ते चालते झाले असते. भूमिकेत राहायचं तर त्यांनी तेच करायला हवं. ते तसं करत नाहीत, कारण त्या खुर्चीत त्यांचा मित्र बसलाय आणि त्याला खेळाबाहेर काढायचं त्यांच्या जिवावर येतं. म्हणजे बाकीचे तिघे माणूस म्हणून सांभाळून घेतात, आपल्या पात्रांना खोटं वागायला लावतात, म्हणून काजळ्या पार्टीत टिकलाय. ते सांभाळून घेणं तुमचा मित्र वापरतो आणि परत मात्र करत नाही. हे त्याला सांगा. आपण चांगलं खेळतोय अशी ज्याची प्रामाणिक समजूत आहे, त्याला हा मुद्दा बहुधा पटतो, कारण तो खेळाच्या भाषेतला आहे.

मग पार्टीत चोरी कधीच नको का? असं मी म्हणणार नाही. विश्वासघाताचे प्रसंग या खेळातले फार चांगले प्रसंग असतात, फक्त आधी विचारलेलं हवं. काजळ्यावाल्याने टेबलावर उघडपणे म्हणावं, 'काजळ्याचा तुझ्या पदकावर डोळा आहे. चोरू का? अशी भानगड आवडेल तुला?' ती म्हणेल, 'नको, ते पदक मला हवंय.' विषय संपला. किंवा म्हणेल, 'चोर, पण तिला त्याच रात्री कळू दे आणि तिने काजळ्याला काहीच न बोलता प्रार्थनेला बसावं.' हे दुसरं उत्तर आलं, तर जो प्रसंग उभा राहील तो फासे टाकून मिळाला नसता. पार्टीतल्या पात्राविरुद्ध काही करायचं असेल तर त्याचा परिणाम काय, हे ज्याच्यावर ते होतंय त्याच्या खेळाडूने ठरवायचं. हा नियम पुष्कळ टेबलांवर असतो आणि तो जरूर घ्या. मजा जाईल असं वाटतं, पण जात नाही. क्लेरिकला माहीत नाही आणि क्लेरिकवालीला माहीत आहे, यात वेगळीच गोडी आहे. ती स्वतःच क्लेरिकला पदक दिव्याखाली ठेवून झोपायला लावेल.

जे होऊन गेलं त्याचं काय? मागे फिरा. खेळातली गोष्ट तुमची सगळ्यांची आहे, ती खोडता येते. क्लेरिकवालीला विचारा : पदक विकलंच गेलं नाही असं धरायचं, की ते शोधत निघायचं? ती म्हणेल ते. फक्त एक कराल तर पस्तावाल : काजळ्याला शिपायांकडून पकडवू नका, त्याच्यावर चेटूक करवू नका. माणसाच्या वागण्याबद्दलची तक्रार पात्राला शिक्षा करून सुटत नाही. मित्र तिला गोष्टीतलं वळण समजून आणखी जोमाने खेळेल, आणि मैत्रिणीला तिचं उत्तर मिळालेलंच नसेल. दरबारातल्या कोठडीतही हेच झालं होतं. तुमचा राग विझार्डवाल्याच्या थट्टेवर होता आणि तुरुंगात गेली चार पात्रं.

ट्रोलचं मला तितकं वाटत नाही. ट्रोलच्या जखमा भरून येतात आणि आगीने किंवा आम्लाने ते भरणं थांबतं, हे ज्याने एकदा वाचलं त्याला ते विसरता येत नाही. त्याला न माहीत असल्याचं सोंग करायला लावलं तर आणखी वाईट होतं. सगळे ठाऊक असून तलवारी चालवत बसतात आणि आता 'सुचायला' हरकत नाही अशी वेळ यायची वाट बघतात. त्यापेक्षा त्याने मशाल पेटवली की कुतूहलाने विचारा, 'फायटरला हे कुठून कळलं?' तो सांगेल, लहानपणी गावावर ट्रोल आला होता, आजोबांनी गोठा पेटवून दिला होता. घ्या, तुम्हाला एक गाव मिळालं, आजोबा मिळाले, जळका गोठा मिळाला. मेटागेमिंग (पात्राला नसलेली माहिती खेळाडूने वापरणं) म्हणून हिणवलं असतं तर यातलं काहीच मिळालं नसतं. अगदीच गुपित ठेवायचं असेल तर तुमच्या जगातला ट्रोल थंडीने मरतो असं करा. तो अधिकार तुमचा आहे.

फाशांमधून फुटणारी माहिती मात्र तुम्ही आवरू शकता. कुणी सापळा शोधायला फासा टाकतो, तीन पडतात, तुम्ही म्हणता 'काही दिसत नाही', आणि लगेच बाकीचे तिघे रांग लावतात, 'मीपण बघतो'. त्यांना ओरडून उपयोग नाही, तीनचा आकडा सगळ्यांनी पाहिलाय. अशा वेळी पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधताही पात्राला किती दिसतं याचं माप) वापरा, म्हणजे १० अधिक त्या पात्राचा पर्सेप्शनचा मॉडिफायर (शीटवरचा कौशल्याचा आकडा). कुणालाही फासा न टाकायला लावता तुम्ही मनातल्या मनात ठरवू शकता. किंवा फासा स्वतः स्क्रीनमागे (जीएमसमोरच्या आडोशामागे) टाका. मोह समोर ठेवून संयम मागण्यापेक्षा मोहच कमी केलेला बरा.

राहिलं हसणं, गप्पा आणि मोबाइल.

चांगल्या टेबलावर हसू असतंच. भीतीच्या, दुःखाच्या प्रसंगानंतर कुणीतरी पटकन विनोद करतं ते बेपर्वाईने नव्हे. आतला ताण तिथून बाहेर पडतो. प्रसंग संपल्यावर आलेला विनोद मुळीच अडवू नका. प्रसंगाच्या मधोमध आलेला अडवावा, पण पात्राला कोठडीत टाकून नव्हे. सरळ माणसाशी माणसासारखं बोलून. आणि तो येऊ नये यासाठी आधीच सांगा. 'आता दूताचा शेवटचा प्रसंग आहे. पाच मिनिटं सगळे माझ्याकडे लक्ष द्या.' इतकं उघड मागितलं की मोठी माणसं देतात. मागायचा संकोच वाटतो म्हणून जीएम नियम करतात.

दिलेली पाच मिनिटं पाचच ठेवा. मरणारा माणूस तीन वाक्यं बोलतो. त्याच्यापुढे गेलं की तो दूत राहत नाही, जीएमचं भाषण होतं, आणि ऑफिसचा किस्सा बहुतेक वेळा तिथेच येतो. पहिल्या वाक्यानंतर कुणालातरी काहीतरी करायला द्या. 'तो क्लेरिकची बाही घट्ट धरतो. ती काय करते?' ज्याच्या हातात काही करण्यासारखं असतं त्याला किस्से आठवत नाहीत.

गप्पांसाठी सेशनच्या सुरुवातीला वेळ मोकळा सोडा, अर्धा तास गेला तरी चालेल. माणसं एकमेकांना भेटायलाही आलेली असतात. मध्ये ठरलेली सुट्टी असू द्या. आणि पात्राबाहेरचं काही बोलायचं असेल तर एक खूण ठेवा. डोक्यावर हात ठेवणं, एक बोट वर करणं, काहीही. खुणेचा फायदा असा की बाहेर यायला परवानगी लागत नाही आणि गोंधळही होत नाही. मोबाइल बहुधा आपली पाळी लांब असली की निघतो. पाळी संपता संपता 'आता फायटर, त्याच्यामागून क्लेरिक, तयार राहा' असं म्हणत जा, पुष्कळसे मोबाइल आपोआप ठेवले जातील. काही जण त्यावर स्पेल शोधत असतात हेही लक्षात असू द्या.

बाहेर येण्याचा रस्ता कायम उघडा हवा, याला आणखी एक कारण आहे आणि ते शिष्टाचाराहून मोठं आहे. खेळात कधीकधी असं काही येतं जे एखाद्याच्या खऱ्या जखमेला लागतं. मुलाचा मृत्यू, छळ, बुडणं, काहीही. त्या माणसाला त्या क्षणी पात्र म्हणून नव्हे, स्वतः म्हणून 'थांबा' म्हणता आलं पाहिजे. तुमच्या नियमात तो 'थांबा' पात्राच्या तोंडचा ठरला असता. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी २०१३ च्या सुमारास सुचवलेलं एक्स-कार्ड तुम्ही ऐकलं असेल. टेबलाच्या मध्यावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो भाग वगळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. रॉन एडवर्ड्स यांची रेषा आणि पडदे ही कल्पना त्याच्याही आधीची : खेळात अजिबात यायला नको त्या गोष्टींवर रेषा मारायची आणि ज्या घडल्या तरी दाखवायच्या नाहीत त्यांच्यावर पडदा टाकायचा. दोन्हींपैकी एक तरी ठेवा. मैत्रिणीचं गप्प होणं फक्त बोलण्याच्या पद्धतीमुळे होतं की आणखी कशामुळे, हे मला पत्रावरून सांगता येत नाही. ती बोलेल तेव्हा ऐका.

हे सगळं ठरवायला सेशन झिरो (नियम आणि अपेक्षा ठरवायची बैठक) कॅम्पेनच्या सुरुवातीलाच व्हायला हवा असं नाही. पुढच्या भेटीतला पहिला तास त्याला द्या. फासे बाजूला ठेवून प्रत्येकाला विचारा की आतापर्यंतचा कुठला प्रसंग सगळ्यात आवडला. उत्तरं ऐकताना तुम्हाला तुमचं टेबल कळेल. कुणाला लढाई आठवेल, कुणाला नावाडी. मग पार्टीतल्या पार्टीत चोरीमारी चालेल का, विनोद कितपत, खूण कुठली, हे चौघांना ठरवू द्या. तुम्ही लिहून घ्या, सुचवू नका.

बक्षीस द्यायचं असेल तर तुमच्याच पुस्तकात सोय आहे. २०१४ च्या नियमांत जीएम इन्स्पिरेशन नावाचं बक्षीस देतो आणि ते खर्चून खेळाडूला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन वीसबाजूंचे फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ते आवाज काढल्याबद्दल देऊ नका. आपलं नुकसान होत असूनही पात्राला शोभेल ते केलं, त्याला द्या. आणि त्याच नियमातली एक ओळ फार थोडी टेबलं वापरतात : ज्याच्याकडे इन्स्पिरेशन आहे तो ते दुसऱ्या खेळाडूला त्याच्या चांगल्या खेळाबद्दल देऊ शकतो. ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा. एकाने दुसऱ्याचं खेळणं पाहिलं आणि आपल्या हातातलं त्याला दिलं, हे टेबलावर एकदा घडलं की लक्ष द्या असं तुम्हाला फारसं सांगावं लागणार नाही.

काजळ्यावाल्याशी बोलणं मात्र सेशन झिरोवर सोडू नका. चौघांसमोर विषय निघाला तर तो आरोपी ठरेल आणि बचावाला उभा राहील. दोन दिवस आधी त्याला फोन करा. वर दिलेला मुद्दा मांडा, की बाकीचे तिघे त्याला सांभाळून घेतायत. काजळ्या आवडतो हेही सांगा, कारण तो आवडण्यासारखा आहे. पटलं नाही तर त्याला नवीन पात्र घ्यायला सुचवा. काजळ्याला गोष्टीतून सन्मानाने निरोप देता येईल आणि पुढे कधीतरी तो तुमच्या हातातलं पात्र म्हणून परत येऊ शकेल. तेही नको असेल आणि मैत्रिणीचं सामान चोरण्यातच त्याला खेळ वाटत असेल, तर हे कॅम्पेन त्याच्यासाठी नाही असं स्पष्ट सांगा. मैत्री राहू द्या, दुसरा एखादा खेळ एकत्र खेळा. तो नाराज होईल, काही दिवस फोन उचलणार नाही. तरी ते तुम्हीच सांगायचं आहे, क्लेरिकवालीवर ढकलायचं नाही.

– ताई